घरच्या खाण्यातली वांगी

पावसाळा मध्यावर आला की आमच्या वॉर्डात फवारणीचे रुग्ण येऊ लागतात. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जातंतूंना लागणारं एक विकर बंद पाडतात, त्याचा हा परिणाम. मग अ‍ॅट्रोपिन देत रात्र काढायची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. आमच्याकडे हे दरवर्षीचंच.

अशाच एका रुग्णाने काही वर्षांपूर्वी घरी जाताना पिशवीभर वांगी आणून दिली. मी संकोचलो, तशी त्याची बायको म्हणाली, "घ्या साहेब, घरच्या खाण्यातली आहेत. यांच्यावर औषध नाही मारत आम्ही." बाजारात जाणारा तुकडा वेगळा, घरासाठीच्या दोन ओळी वेगळ्या! (विषालाही आपण 'औषध' म्हणतो, हे तेव्हा प्रथमच टोचलं.) राग मात्र आला नाही. किडकं वांगं मंडईत कोण घेतं? मीही बाजूलाच सारत होतो.

त्या पावसाळ्यात आमच्या क्वार्टरमागे परसबाग सुरू झाली. जागा म्हणाल तर एका खोलीएवढी. पालक, मेथी, अंबाडी, चवळी, वांगी आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. खताला पालापाचोळा, भाज्यांची देठं, शेण. पहिल्या वर्षी चवळीवर मावा इतका पडला की मी हात टेकले होते. पानांवर काळ्या-नारिंगी, काटेरी अळ्याही दिसल्या. त्या चिरडणार, तेवढ्यात आमच्या शिपाईमामांनी हात धरला. त्या ढालकिड्याच्या अळ्या, मावा हेच त्यांचं अन्न. आठ-दहा दिवसांत शेंगा स्वच्छ! त्यांनीच निंबोळी अर्क शिकवला: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, गाळून त्यात थोडा साबण मिसळायचा आणि संध्याकाळी फवारायचा.

डॉक्टर म्हणून इथे थोडं बोलू द्या. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असं नाही. तंबाखूचा काढा फवारायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातलं निकोटिन त्वचेतूनही शरीरात जातं आणि ते जहालच आहे. तो करू नका. शेणमातीत अनवाणी वावरू नका, धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा, नाहीतर पालकाबरोबर डेंग्यूचे डासही पिकतील. आणि ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी भीतीपोटी भाजी कमी करू नये. नळाच्या वाहत्या पाण्यात चोळून धुतली की वरवरचं बरंचसं रसायन निघून जातं. आंतरप्रवाही रसायनं मात्र झाडाच्या आत भिनतात, ती धुऊन जात नाहीत. तरीही भाजी खाण्याचा फायदा त्याहून मोठाच आहे.

आमच्या घरात खरा बदल झाला तो आईमध्ये. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती खाटेवरून उठायला तयार नसे. व्यायामाचं सांगून मी थकलो होतो. एका सकाळी ती काठी टेकत मागच्या दारी आली, दोडके मोजायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग कोवळ्या उन्हात स्टुलावर बसून मेथी खुडणं तिनेच अंगावर घेतलं. जेवणही सुधारलं, आपण खुडलेली भाजी पानात टाकायची कशी?

आता बागेत तिचाच हुकूम चालतो. परवा एक चांगला लांबसडक दोडका तोडायला गेलो, तर मागून आवाज आला, "त्याला हात लावायचा नाही. तो बियाण्याचा आहे." तो तसाच वेलावर वाळतो आहे.