चार तारांचा हट्ट

माझी पहिली युकुलेली मीच मारली. आवाज खणखणीत हवा म्हणून नायलॉनच्या जागी गिटारच्या स्टीलच्या तारा चढवल्या. दुसऱ्या दिवशी ब्रिज उखडून वर आलेला. त्या ताणासाठी ते लाकूड बनलेलंच नसतं.

म्हणून मोठ्या आवाजासाठी इलेक्ट्रिक युकुलेली घेताना आधी पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, कोणता ते विचारा. चुंबकी पिकअपला फक्त स्टीलची तार कळते, नायलॉन त्याच्या खिजगणतीतही नसतं. नायलॉनला पिएझो लागतो. तो सॅडलखाली, म्हणजे आपल्या सतारीच्या घोडीसारख्या पट्टीखाली बसतो आणि तिथल्या कंपनांची वीज करतो. तारा उंच वाटल्या म्हणून मी ती पट्टी खालून घासली, जरा वाकडीच. झालं! ‘ए’ची तार अ‍ॅम्प्लिफायरमधून कुजबुजायला लागली. काचेवर पॉलिशपेपर ठेवून तळ सपाट केला, तेव्हा चौघी सारख्या बोलल्या. बाराव्या पडद्यावर तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर जागा मला पुरते.

माझी युकुलेली टेनर आकाराची, तारेची लांबी १७ इंच. बोटं जाड, लहान सोप्रानोच्या १३ इंचांत अडखळतात. तारा जी-सी-ई-ए सुरांत लावल्या, तरी नवं नायलॉन काही दिवस ताणतच राहतं. सध्या रोज चहाआधी खुंट्या पिळणं चालू आहे.