टेबलावरच्या फोनला काय जाणवतं?

फोन आडवा धरला की व्हिडिओही आडवा होतो. शर्यतीच्या गेममध्ये फोन डावीकडे कलवला की पडद्यावरची गाडी डावीकडे वळते. दिवसभरात किती पावलं चाललो, हे खिशातला फोन संध्याकाळी सांगतो. नववी-दहावीच्या मुलांना यात नवल वाटत नाही. ती यातच वाढली आहेत. पण ‘फोनला हे कळतं कसं?’ एवढा एक प्रश्न वर्गात विचारला, की दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षणाचा, आपसूक सुरू होतो.

फोनच्या आत काही मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चिप असते. तिचं नाव अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजेच त्वरणमापी. तिच्यात सिलिकॉनचा एक इवलासा ठोकळा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर अधांतरी बसवलेला असतो. ठोकळ्याच्या कडेला दाते असतात, तसे समोरच्या चौकटीलाही असतात. दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात, पण दाताला दात लागू देऊ नये, अशी ही रचना. मधली फट एखाद-दोन मायक्रोमीटरची. आपला केस तिच्या कितीतरी पट जाड. फोन हलला की चौकट त्याच्याबरोबर हलते, ठोकळा मात्र जडत्वामुळे किंचित मागे राहतो. फट बदलते, त्यामुळे दात्यांमधली विद्युत धारिता बदलते, आणि तो बदल मोजून चिप त्वरणाचा आकडा देते. हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा, आपण निवांत गाणी ऐकत असतानासुद्धा.

हे आकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे असतील, तर त्यासाठी मोफत अ‍ॅप आहेत. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली आणलेलं ‘फायफॉक्स’ हे त्यातलं एक. फोनमधले संवेदक जे काही मोजतात, ते हे अ‍ॅप आकड्यांत आणि आलेखात समोर मांडतं. ते उघडा, त्वरणाचा आलेख चालू करा आणि फोन टेबलावर पालथा-उताणा कसाही स्वस्थ ठेवून द्या. फोन हलत नाही, म्हणजे त्वरण शून्य दिसायला हवं. दिसतं मात्र ९.८ च्या आसपास.

आता एकावर एक चार-पाच गोधड्या अंथरा आणि मीटरभर उंचीवरून फोन अलगद सोडा. या वेळी तो खरोखर वेगाने खाली जातो आहे, वेग क्षणाक्षणाला वाढतो आहे. आलेख पाहिला तर त्या जवळजवळ अर्ध्या सेकंदापुरता आकडा शून्याशी येऊन टेकलेला! स्वस्थ पडलेल्या फोनला त्वरण आणि पडणाऱ्या फोनला शून्य? वर्गात इथे गलका होतो, आणि तो व्हायलाच हवा.

उत्तर त्या ठोकळ्यापाशी आहे. टेबलावर असताना पृथ्वी ठोकळ्याला खाली ओढते, स्प्रिंगा त्याला तोलून धरतात आणि त्या तोलण्यात ताणल्या जातात. चिप मोजते तो हा ताण. फोन सोडला की चौकट, स्प्रिंगा, ठोकळा सगळे एकाच त्वरणाने खाली येतात; कुणी कुणाला तोलत नाही, म्हणून ताणही उरत नाही. छतावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही, हा विचार १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनच्या मनात आला आणि त्यातूनच पुढे व्यापक सापेक्षता सिद्धांताची वाट निघाली. तोच विचार आज दहावीतल्या मुलीच्या हातात आलेख होऊन उभा राहतो. मला तरी याहून मोठं नवल आठवत नाही.

पडणाऱ्या वस्तूंचा हिशेब मांडताना गॅलिलिओपाशी सेकंदकाटासुद्धा नव्हता. उतरणीवरून गोळा सोडायचा, तो खाली पोचेपर्यंत भांड्यातून पाण्याची बारीक धार पडू द्यायची आणि साठलेलं पाणी तराजूत तोलून वेळ काढायचा, अशी त्याची रीत. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने तिचं वर्णन केलं आहे. त्याला ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, ते मोजमाप आज दप्तरात किंवा आईच्या पर्समध्ये असतं.

नववीत ध्वनीचा धडा असतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, हे पाठ करून दोन गुण मिळतात. त्याऐवजी दोन फोन घ्या आणि दोन्हींवर आवाजाने सुरू आणि बंद होणारं घड्याळ लावा. फायफॉक्समध्ये ते आहे. फोन बरोबर पाच मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची. पहिलं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसरं आवाज तिथे पोचल्यावर. थोड्या वेळाने दुसऱ्या फोनपाशी दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता दुसरं घड्याळ आधी थांबतं, पहिलं उशिरा. म्हणजे पहिलं घड्याळ दुसऱ्याहून जितका वेळ जास्त दाखवेल, तेवढ्या वेळात आवाज पाच मीटर गेला आणि पाच मीटर आला. हा फरक सुमारे ०.०२९ सेकंद येतो. दहा मीटर भागिले ०.०२९, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, आणि तो क्षण मुलांनी टाळ्या वाजवून पकडलेला असतो!

फोनचा नुसता कानही पुष्कळ काही सांगतो. चेंडू फरशीवर सोडा आणि टप्प्यांच्या आवाजांमधला वेळ मोजा. समजा, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात ०.६ सेकंद गेले. निम्मा वेळ वर जाण्यात, निम्मा खाली येण्यात. ०.३ सेकंदात पडणारी वस्तू ४४ सेंटीमीटर खाली येते, म्हणजे चेंडू तेवढा वर उडाला होता. पुढच्या दोन टप्प्यांत ०.५ सेकंद गेले असतील, तर उंची ३१ सेंटीमीटर. पट्टी न लावता उंची कळली आणि ‘बाकीची ऊर्जा गेली कुठे?’ हा खरा प्रश्नही हाती आला.

या मोजण्यात एक फार मोलाची गोष्ट मुलं शिकतात: यंत्रही चुकतं. एका फोनवर ९.७ येतात, दुसऱ्यावर ९.९. मग फोन उताणा ठेवून एकदा मोजायचं, पालथा ठेवून पुन्हा मोजायचं. उताणा ९.९ आणि पालथा उणे ९.७ आला, तर चिन्ह सोडून दोन्हींची सरासरी काढायची: ९.८. फोनची चूक एका बाजूला अधिक होते, दुसऱ्या बाजूला तेवढीच उणी, म्हणून ती कटते. चूक लपवायची नसते, ती शोधून हिशेबात धरायची असते, हे प्रयोगवहीत नुसतं ‘निष्कर्ष’ उतरवून कधीच कळत नाही.

वर्गात फोन म्हटलं की शिक्षक-पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या रास्त आहेत. सूचनांची टिंगटिंग सुरू झाली की धडा बाजूला राहतो. पण वरच्या एकाही प्रयोगाला इंटरनेट लागत नाही. अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. पाच-सहा जणांच्या गटाला एक फोन पुरतो (टाळ्यांच्या प्रयोगाला तेवढे दोन), तोही शिक्षकांचा चालतो. डोंगरातल्या रेंज नसलेल्या शाळेतही ९.८ तितकेच नीट मोजता येतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि फोन व पुस्तक यांची सोयरीक साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. क्यूआर कोडमधून दुसऱ्यांनी तयार केलेलं ज्ञान मुलांपर्यंत पोचतं. संवेदकातून मुलं स्वतःचं ज्ञान काढतात. दोन्ही हवंच, पण स्वतः मोजण्याची चव एकदा लागली की मूल पुस्तकातल्या प्रत्येक आकड्याला ‘हा कुणी, कसा मोजला?’ असं विचारू लागतं. विज्ञानशिक्षणाकडून याहून अधिक मागण्यासारखं काय आहे?

तेव्हा पुढच्या तासाला असा गृहपाठ द्यावा: खिशात फोन ठेवून झोपाळ्यावर बसा आणि एका झोक्याला लागणारा वेळ मोजा. मग तोच फोन आजीकडे देऊन तिला बसवा. वेळ बदलेल की तोच राहील? आधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासकट वहीत लिहायचा, आणि मगच झोका घ्यायचा.