एका चेंडूवर उभा राहिलेला खेळ
‘खेळाचे सामान परवडत नाही,’ असे पालक सांगतात, तेव्हा आम्हाला अमेरिकेतील शिकागो शहर आठवते. तेथे १८८७ मध्ये एका क्लबात मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि सॉफ्टबॉल जन्माला आला. पुढे १६ इंच घेराचा मोठा चेंडू उघड्या हातांनी झेलायची रीत पडली. १९३० नंतरच्या मंदीत हातमोजे कोण घेणार? खेळ मात्र वाढला. शहरातील हौशी संघ ती रीत आजही पाळतात. जुने खेळाडू वाकडी झालेली बोटे अभिमानाने दाखवतात. आपल्या मोहल्ल्यातही असरपासून मगरिबपर्यंत मुलामुलींना मोकळे मैदान आणि एक चेंडू मिळाला, तरी संघ उभे राहतील. तेवढी जागा राखणे मात्र आपल्या मोठ्यांचे काम आहे.