सायकलच्या हबमधले गिअर आणि मोटर : जोर कुठून जातो?



विज्ञान प्रदर्शन जवळ आले की सायकलला मोटर बसवायची कल्पना मुलांना हमखास सुचते. कल्पना छानच आहे. पण सायकलचे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये असतील, तर आधी एक प्रश्न मुलांना विचारा : मोटरचा जोर या गिअरमधून जाणार आहे की नाही?

हबच्या आत काय असते?

मूळच्या इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा 'एडब्ल्यू' हब बघू. मधोमध एक्सलला पक्के बसवलेले २० दात्यांचे चक्र, त्याला म्हणतात सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चक्रे म्हणजे ग्रह. बाहेरून ६० दात्यांचे कडे, त्याचे दाते आतल्या बाजूला.

- पहिला गिअर : चेन कड्याला फिरवते, ग्रहांची चौकट चाकाला. ६० ÷ (६० + २०) = ०.७५. वेग कमी, जोर जास्त.
- दुसरा गिअर : सरळ जोडणी, १.
- तिसरा गिअर : पहिल्याच्या उलट, ८० ÷ ६० = १.३३. वेग जास्त, जोर कमी.

म्हणजे गिअर शक्ती निर्माण करत नाही. तो वेग आणि जोर यांची अदलाबदल करतो.

मोटर कुठे बसवली?

मोटर पुढच्या चाकात असेल, तर मागच्या गिअरवर तिचा ताण येत नाही. पण चढावर तिला गिअरची मदतही मिळत नाही. मोटर पेडलजवळ बसवून चेन ओढत असेल, तर चढावर पहिला गिअर तिच्या कामी येतो. मात्र सगळा ताण त्या छोट्या दात्यांवर पडतो. काही हौशी लोक हब चाकात न लावता स्कूटरच्या सांगाड्यात गिअरबॉक्ससारखा बसवतात. तिथेही हाच हिशेब.

मग बिघडते काय?

इथे एक गंमत आहे. ६० किलोचा माणूस १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर पूर्ण भार टाकून उभा राहिला, तर पेडलपाशी सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. पुढे ४६ आणि मागे १८ दाते असतील, तर हबपर्यंत ३९ पोचतो. याउलट २५० वॅटची मोटर हबला मिनिटाला १६० फेरे देत असताना फक्त १५ न्यूटन-मीटर पीळ देते!

मग हब माणसाला झेपतो, मोटरला का नाही? कारण गिअर बदलताना आपला पाय आपोआप सैल पडतो. मोटर मात्र ढकलतच राहते. आतले खटके अर्धवट अडकलेले असताना पूर्ण जोर आला की त्यांच्या कडा झिजतात, तुटतात. शिवाय मोठी मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटताना एकदम जबरदस्त पीळ देते. म्हणून बऱ्याच ई-सायकलींत गिअर बदलताना मोटरचा जोर क्षणभर कमी केला जातो. घरच्या जोडणीत हे काम आपल्यालाच करायचे : आधी थ्रॉटल सोडा, मग गिअर बदला.

आणखी एक. या हबची केबल नीट ताणलेली नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये जोडणी सुटते, पेडल रिकामे फिरते आणि तोल जाऊ शकतो. रस्त्यावर नेण्याआधी केबल तपासाच.

वर्गात करून बघा

मोटर न लावता सायकल उलटी ठेवा. टायरवर खडूची खूण करा. पेडल एक फेरा अगदी सावकाश फिरवा आणि चाकाचे फेरे मोजा. वरच्या दात्यांनी अनुक्रमे सुमारे १.९, २.६ आणि ३.४ फेरे येतील. बोटे चेनपासून लांब ठेवा. तिन्ही आकड्यांचे गुणोत्तर मुलांनाच काढू द्या. गणित आणि विज्ञान एकाच तासाला होऊन जाईल!