धसकटांतलं लपण

ऑक्टोबरातली पहाट, सहा वाजलेले. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, गव्हाच्या शेतात मी एका कापडी पेटीत उताणा पडलो होतो. पाठीखाली ॲल्युमिनियमचा सांगाडा, तोंडावर जाळी, पोटावर दोन झडपा. हिला इकडे ‘लेआउट ब्लाइंड’ म्हणतात. मला लपण ठाऊक होतं ते नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातलं, कॅमेरा घेऊन बसायचं. इथलं बंदुकीसाठी आहे, म्हणून ते पाहायला मी जरा धास्तावूनच आलो होतो.

कॅनडा गूज आणि मॅलार्ड बदकं रात्र पाण्यावर काढतात आणि उजाडलं की कापणी झालेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपायला उतरतात. तिथे ना झाड, ना झुडूप. पूर्वी शिकारी खड्डा खणून त्यात बसत. पण आपल्या रानात कुणी खड्डे पाडलेले कोणत्या शेतकऱ्याला आवडतील? शिवाय थवा उद्या दुसऱ्याच शेतात उतरला, तर खड्डा काही उचलून नेता येत नाही. घडीचं लपण गाडीत टाकून नेता येतं. १९१६ च्या करारापासून या स्थलांतरित पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे. शिकार ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येतच होते.

मला नेणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले, जन्मभर शेती केलेले. लपण घ्यायचं तर दुकानातच त्यात झोपून बघ, तेही जाड कोट आणि बूट घालून, असं ते सांगतात. पाय आखडायला नकोत, डोकं टेकल्यावर आभाळ दिसायला हवं, आणि झडपा एका धक्क्यात उघडून उठून बसता यायला हवं. मग ते कापडावर शिवलेल्या पट्ट्या बोटांनी मोजतात. या पट्ट्यांत त्याच शेतातलं काड खोवायचं असतं. पट्ट्या विरळ असतील, तर कापडावर छापलेली गवताची नक्षी कितीही हुबेहूब असो, ते लपण त्यांच्या मनातून उतरतं. नवं कापड चकाकतं, म्हणून घरी आणल्यावर पातळ चिखल कालवून, अंगण सारवावं तसं ते सारवायचं, वाळू द्यायचं आणि झाडून टाकायचं. आजोबांचं लपण इतकं मातकट झालं होतं, की अंधारात मी त्यावर पाय देता देता राहिलो.

एवढं करूनही सावली उरतेच. सूर्य वर आला तेव्हा माझ्या जेमतेम गुडघाभर उंच पेटीची सावली धसकटांवर लांबलचक पडली. म्हणून बसकं लपण चांगलं. पण फार बसकं घेतलं तर जाड माणसाला उठता येत नाही. वाटाण्याच्या शेतात तर धसकटं बोटभरसुद्धा नसतात. तिथे बसकं लपणही उंचवट्यासारखं उठून दिसतं, आणि शेताच्या कडेच्या झुडपांत उभा आडोसा केलेला बरा पडतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती माणसांची. ओळीनं झोपलेल्या शिकाऱ्यांनी आभाळाचा आपापला तुकडा वाटून घेतलेला असतो. शेजारचा बार काढत असताना आपण दचकून भलतीकडे उठलो, तर काय होईल?

शिवाय त्या दिवशी दहिवर पडलं होतं. सगळं शेत पांढरं, आणि माझ्या लपणावर तेवढा अंगाच्या उबेनं ओला, काळा डाग उमटलेला. थव्यानं दोन घिरट्या घातल्या. पाय खाली सोडलेले दिसले, पंखांचा सपसप आवाज जाळीतून ऐकू आला. तिसऱ्या घिरटीला पुढचा पक्षी एकदम कलला आणि त्याच्यामागे सगळेच वर गेले.

आजोबा उठले, वीसेक पावलं लांब जाऊन त्यांनी मागे वळून पाहिलं. मग परत येऊन गुडघ्यांवर बसले आणि दहिवरानं पांढरं झालेलं मूठभर काड माझ्या खांद्यापाशी खोवू लागले.