पन्नास मेगाबाइटमधला पेशकार

जुन्या यंत्रांवरील लेखमालेसाठी संपादकांनी विषय विचारला, तेव्हा छापखान्यातील ट्रेडल किंवा गिरणीतील माग यांपैकी कशाचे तरी नाव माझ्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र 'एमप्लेअर प्लगइन' या नावाचा, आज बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेला, आकाराने अगदी किरकोळ असा एक प्रोग्रॅम निवडला. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरील चित्रफीत त्या पानावरच दिसावी आणि ऐकू यावी, एवढेच त्याचे काम होते. परंतु ते काम तो ज्या रीतीने करीत असे ती रीत, आणि तुटपुंज्या सामग्रीच्या संगणकावर त्याच्यासाठी करावी लागणारी यातायात, या दोहोंमुळे तो माझ्या मनात कायमचा राहिला आहे.

हा प्रोग्रॅम खरा पाहावयाचा तर 'डॅम स्मॉल लिनक्स' या प्रणालीवर पाहावा लागे. जॉन अँड्र्यूज यांनी ही प्रणाली रचताना संपूर्ण संसार पन्नास मेगाबाइटच्या आत बसवावयाचा असा नियम स्वतःवर घालून घेतला. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर तेवढेच मावत असे. ४८६ जातीचा प्रोसेसर आणि सोळा मेगाबाइट स्मृती एवढ्या भांडवलावर ती सुरू होई, आणि एवढ्यातही तीत फायरफॉक्स होता, डिलो नावाचा त्याहून सडपातळ ब्राउझर होता, गाण्यांसाठी एक्सएमएमएस होता. जे मूळ सीडीवर मावत नसे ते 'मायडीएसएल' या भांडारातून मागाहून आणावयाचे, अशी तजवीज रॉबर्ट शिंगलडेकर यांनी केली होती. हेच गृहस्थ पुढे वेगळे होऊन 'टायनी कोअर' या आणखी लहान प्रणालीचे जनक झाले.

ब्राउझरला मुळात अक्षरे आणि स्थिर चित्रे यांपलीकडे फारसे काही कळत नसे. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या २.० या आवृत्तीपासून त्यास परक्या प्रोग्रॅमांची, म्हणजे प्लगइनांची, मदत घेण्याची मुभा मिळाली, आणि त्या मदतीचा जो करारनामा ठरला त्यास एनपीएपीआय म्हणतात. दुसरीकडे २००० साली हंगेरीच्या आर्पाद गेरेओफी यांनी आरंभिलेला एमप्लेअर, मिळेल ते स्वरूप वाजवून दाखविण्याविषयी ख्याती पावलेला, परंतु ब्राउझरशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा, टर्मिनलमधून हुकूम घेणारा वादक होता. या दोघांमध्ये केव्हिन डीकॉर्ट यांनी आपला प्लगइन आणून उभा केला. आणि मामलेदार व पक्षकार यांच्यामध्ये बसून, स्वतः कोणताही निवाडा न देता, कागद इकडून तिकडे अचूक पोहोचविणाऱ्या पेशकाराची आठवण व्हावी, असे त्याचे वर्तन होते.

त्याचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. ब्राउझर सुरू झाला की ठरावीक फोल्डरांतील प्रत्येक प्लगइनला 'तू कोणकोणते प्रकार हाताळतोस' असे विचारी, आणि मिळालेला तपशील 'प्लगइनरेज डॉट डॅट' या दप्तरात नोंदवून ठेवी. पुढे एखाद्या पानावर त्यांपैकी एका प्रकाराची चित्रफीत आली, की ब्राउझर पानावर आयताकृती जागा राखी आणि त्या जागेचा, म्हणजे एक्स विंडोचा, क्रमांक प्लगइनच्या हाती देई. प्लगइन स्वतः एकही चित्र उलगडीत नसे. तो एमप्लेअरला स्वतंत्र प्रक्रिया म्हणून जागा करी, 'डब्ल्यूआयडी' या पर्यायाने तो खिडकीक्रमांक त्यास कळवी, आणि 'स्लेव्ह' या पद्धतीत चालविल्यामुळे कळफलकाऐवजी एका पाइपमधून येणारे 'पॉज', 'सीक', 'क्विट' असे एकेका ओळीचे हुकूम एमप्लेअर ऐकू लागे. पाहणाऱ्यास वाटे की पानच हलू लागले. वस्तुतः दुसराच कोणी, दुसऱ्याच प्रक्रियेत बसून, नेमून दिलेल्या चौकटीत चित्रे रंगवीत असे. या विभागणीत एक फार मोठे शहाणपण होते: सदोष फितीपायी एमप्लेअर कोसळला तरी ब्राउझर बहुधा उभाच राही, आणि एमप्लेअर सुधारला की प्लगइनला हात न लावता त्याचा लाभ मिळे. जी स्वतः थोडे करते आणि करणाऱ्याच्या आड येत नाही, अशा रचनेविषयी मला मनापासून आदर आहे.

हे सर्व यथासांग चालले तर. लहान प्रणालीवर ते सहसा पहिल्या खेपेस चालत नसे, आणि प्रत्येक अडचणीचे मूळ निराळ्या ठिकाणी असे. भांडारातून आणलेला यूसीआय जातीचा संच 'ऑप्ट' या फोल्डरात, केवळ वाचता येईल असा, जोडला जाई; ब्राउझर तिकडे ढुंकूनही पाहत नसल्याने त्याच्या प्लगइन फोल्डरात सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखविणारी खूण, करून द्यावी लागे. तरीही 'अबाउट प्लगइन्स' या पानावर नाव उमटले नाही, तर जुने दप्तर पुसून ब्राउझर पुन्हा सुरू करावयाचा. एवढ्यानेही भागले नाही, तर 'एलडीडी' ही आज्ञा देऊन प्लगइनला कोणकोणत्या लायब्ररी लागतात त्याची यादी काढावयाची, आणि जिच्यापुढे 'नॉट फाउंड' असा शेरा दिसेल ती शोधण्यास निघावयाचे. त्यातही खिडक्या आणि बटणे रेखाटणाऱ्या जीटीके या लायब्ररीचा पेच निराळा: प्लगइन ब्राउझरच्याच प्रक्रियेत प्रवेश करीत असल्यामुळे, ब्राउझर जीटीकेच्या पहिल्या पिढीवर आणि प्लगइन दुसऱ्या पिढीवर बांधलेला असेल तर दोघांचे एकत्र नांदणे अशक्य होई, आणि पान उघडताच ब्राउझर निमूट नाहीसा होई.

चित्र दिसू लागले, तरी आवाजाचे निराळे. जुन्या ओएसएस पद्धतीत ध्वनियंत्र अनेकदा एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात जाई. फ्लॅशने किंवा एक्सएमएमएसने ते धरून ठेवले असेल, तर एमप्लेअरच्या चित्रातील माणसे मुकी राहत. ग्राफिक कार्डास एक्सव्हीची सोय नसेल तर चित्र लहान-मोठे करण्याचा भार प्रोसेसरवर पडे आणि फीत अडखळे. तेव्हा प्लगइनच्या कॉन्फ फाइलमध्ये 'व्हीओ'पुढे 'एक्स११' लिहून मूळ मापावर समाधान मानावयाचे. आणि सर्वांत अवघड प्रश्न कोडेकचा, म्हणजे फीत उलगडणाऱ्या घटकाचा. विंडोज मीडिया आणि रिअल यांच्या कित्येक फिती उलगडण्याचे ज्ञान त्यांच्या कंपन्यांनी बंदिस्त ठेवले होते. एमप्लेअर चक्क विंडोजच्या डीएलएल फाइली लिनक्सवर चालवून त्यातून मार्ग काढी, परंतु त्या फाइली वाटण्याची सनद प्रणालीकर्त्यांकडे नसल्याने त्या प्रत्येकाने आपल्या जोखमीवर आणावयाच्या. मुक्त सॉफ्टवेअरच्या पन्नास मेगाबाइटच्या नेटक्या घरात हा उसना पाहुणा मला नेहमीच खुपला आहे. ज्ञान कुलुपात ठेवणाऱ्यांचा दोष वापरणाऱ्याने का फेडावा, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. शिवाय प्रणालीचा सारा मुक्काम स्मृतीत असल्यामुळे, केलेल्या बदलांची नावे 'फाइलटूल डॉट एलएसटी' या यादीत नोंदवावयाची राहिली, तर संगणक बंद होताच सर्व श्रम पुसले जात.

पुढे चित्रफीत उलगडण्याची विद्या ब्राउझरने स्वतःच आत्मसात केली आणि मध्यस्थाचे पद रद्द झाले. लिनक्सवरील क्रोमने २०१४ साली एनपीएपीआयचा आधार काढून घेतला. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीपासून, फ्लॅशचा अपवाद ठेवून बाकीच्या प्लगइनांना निरोप दिला. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचाही कारभार आटोपला. डॅम स्मॉल लिनक्सची जुनी मालिका त्यापूर्वीच, २००८ मधील अखेरच्या स्थिर आवृत्तीनंतर, थांबली होती. २०२४ साली अँड्र्यूज यांनी ती अँटीएक्स या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या पायावर पुन्हा उभी केली, परंतु आजच्या ब्राउझरांचा आकार पाहून या खेपेस मर्यादा सातशे मेगाबाइटची ठेवली.

ज्या वाचकांच्या घरी असा अशक्त संगणक अद्याप आहे, त्यांनी जुना ब्राउझर आणि जुना प्लगइन शोधून काढण्याच्या भरीस पडू नये. सुरक्षित जोडणीचे आजचे नियम त्या ब्राउझरास ठाऊक नसल्याने बहुतेक पाने उघडणारच नाहीत, आणि जी उघडतील त्यांच्यापासून त्याचे रक्षण करणारे कोणी उरलेले नाही. फीत उतरवून घ्यावी, टर्मिनल उघडावे, 'एमप्लेअर' असे लिहून तिचे नाव पुढे द्यावे. तो वादक आजही वाजवितो.