पुसदच्या मे महिन्यात प्रोसेसरचा कूलर बदलावा का?

मे महिन्यात पुसदचा पारा बेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई अंगावर असते. फोटो स्टुडिओंमधले संगणक लग्नांचे व्हिडिओ रेंडर करत दिवसरात्र चालू असतात. कॅबिनेटमधला पंखा घोंघावू लागतो, कुणीतरी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकतं, त्यात ९० हा आकडा दिसतो, आणि लगेच सल्ला मिळतो : प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढा, मोठा टॉवरवाला बसवा. हा सल्ला कधीकधी अगदी बरोबर असतो. बऱ्याचदा मात्र दोन-तीन हजार रुपये खर्चून अडचण तिथेच राहते, कारण उष्णता नेमकी कुठे अडली आहे हे कुणी तपासलेलंच नसतं.

"नव्वदला गेला म्हणजे प्रोसेसर जळणार"

ही भीती जुनी आहे आणि एके काळी खरीही होती. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू प्रोसेसरवरून कूलर उचलला, तेव्हा त्या काळातल्या एएमडी अॅथलॉनमधून धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग कमी करत तगून राहिला. आजचे सगळे डेस्कटॉप प्रोसेसर त्या पेंटियमसारखे वागतात. ठरलेली मर्यादा आली की ते आधी वेग उतरवतात, तरीही तापमान वाढत गेलं तर संगणक बंद करतात.

मर्यादा प्रत्येकाची वेगळी आहे. इंटेल कोअर आय५-१२४०० ची १०० अंश, रायझन ५ ५६०० ची ९०, तर रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. या मालिकेबद्दल एएमडीनेच सांगितलं आहे की पूर्ण भारावर ९५ अंशांना चालणं हे त्यांच्या रचनेत धरलेलं आहे. म्हणजे एकच ९० चा आकडा एका प्रोसेसरसाठी मर्यादेची वेस असतो आणि दुसऱ्यासाठी रोजचं काम. रायझनमध्ये ब्राउझर उघडताच तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळतं आणि खाली येतं, तेही घाबरण्यासारखं नाही.

"परदेशातल्या चाचणीत ७० येतं, माझ्याकडे ९० का?"

पुसदकरांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. कोणताही हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्याचं काम एवढंच की प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक कमी ठेवायचा. हा फरक ठरतो प्रोसेसर किती वॅट खातो आणि कूलर किती सक्षम आहे यावर. खोली तापली की तोच फरक वरच्या पायरीवर सरकतो.

समजा एखाद्या चाचणीत २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ वर होता. फरक ५० चा. तोच प्रोसेसर आणि तोच कूलर ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जाणार. काहीही बिघडलेलं नाही. म्हणून मे महिन्यातला आकडा लिहिताना शेजारी खोलीचं तापमानही लिहावं, एरवी त्या आकड्याला अर्थ नाही. उलट बाजूने, जानेवारीत तपासून "मशीन झकास आहे" असं म्हणणंही फसवं. परीक्षा घ्यायचीच तर मेमधल्या दुपारी तीन वाजता घ्यावी. तेव्हा निभावलं तर वर्षभर विषय बंद.

"कूलर बदलला की संगणक पळेल"

मोठा कूलर प्रोसेसरला नवीन ताकद देत नाही. उष्णतेमुळे अडवलेला वेग तेवढा परत मिळवून देतो. अडवलेलाच नसेल तर काय परत मिळणार? त्यामुळे तापमानाच्या आकड्यापेक्षा वेगाचा आकडा बघणं जास्त शहाणपणाचं. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर तापमान, वेग आणि वॅट तिन्ही शेजारी-शेजारी दाखवतं. ते चालू ठेवून खरा व्हिडिओ वीस मिनिटं रेंडरला लावावा.

आय५-१२४०० चे सगळे कोअर कामाला लागले की वेग साधारण ४ गिगाहर्ट्झ असतो. वीस मिनिटांनंतरही तो तिथेच असेल, तर तापमान ७० असो वा ९०, नव्या कूलरने तो व्हिडिओ एक मिनिटही लवकर संपणार नाही. तापमान १०० ला टेकलेलं आणि वेग घसरलेला, असं दिसलं तर कूलरचा प्रश्न खरा.

आणि तिसरी शक्यता, जी दुकानातही अनेकदा निसटते : वेग घसरला आहे, पण तापमान जेमतेम ७०. तिथे उष्णतेचा संबंध नाही. या प्रोसेसरचा मूळ विजेचा आकडा ६५ वॅट आणि कमाल ११७. स्वस्त मदरबोर्डवर काही वेळ जास्त वीज दिल्यावर बायोस त्याला पुन्हा ६५ वॅटवर आणून बांधतो. अशा मशीनवर दहा हजारांचा कूलर ठेवला तरी वेग जिथे होता तिथेच.

टॅली, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, छपाई एवढंच काम असलेल्या केंद्रांमध्ये प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. त्यांनी या भानगडीत पडूच नये. गेम अडखळतो म्हणून कूलर बदलायला निघालेल्या मुलांनी आधी ग्राफिक्स कार्डाकडे पाहावं.

"प्रोसेसरसोबतचा कूलर म्हणजे शोभेची वस्तू"

आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६०० सोबत येणारा कूलर आवाज करतो, पण त्या प्रोसेसरला पुरतो. नाव ठेवण्याआधी तो नीट बसलाय का ते पाहावं. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पुश पिन असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायच्या असतात. एखादी पिन अर्धवट राहिली की कूलर एका बाजूने उचलला जातो आणि मध्ये हवेचा थर राहतो. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक, तांब्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. कागदाइतकी फटही तापमान थेट मर्यादेला नेऊ शकते.

थर्मल पेस्टचं कामही हीच हवा हटवण्याचं. म्हणून ती वाटाण्याएवढी पुरते, लोण्यासारखी थापायची नसते. काही वर्षांनी ती कोरडी पडते. पुसदमध्ये काय, कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, कार्यालयांतून निघालेली जुनी ब्रँडेड मशीन सेकंडहँड खूप विकली जातात. त्यात पहिल्या दिवशीची पेस्ट खडूसारखी झालेली आढळते. शंभर-दोनशे रुपयांची ट्यूब तिथे नव्या कूलरपेक्षा जास्त काम करते. (टूथपेस्ट लावण्याचा उपाय सांगणारे अजून भेटतात. ती आठवड्याभरात वाळते, मग पुन्हा तेच.) शिवाय अशा अनेक मशीनमध्ये कूलरचे स्क्रू आणि पंख्याचा जोड कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला कूलर बसतच नाही.

राहिली धूळ. कापसाचा पट्टा असल्यामुळे तंतू, रस्त्याची माती, अगरबत्तीची राख, सगळं पंख्यामागच्या पात्यांत नमद्यासारखं जमतं. संगणक बंद करून ब्रशने आणि ब्लोअरने ते काढावं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

"कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली की झालं"

कायमचा उपाय म्हणून वाईट : धूळ, झुरळं, पाली. पण चाचणी म्हणून याइतकी चांगली दुसरी नाही. पूर्ण भारावर असताना बाजूची पाटी काढा आणि दहा मिनिटांनी बघा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडते आहे. बंद खोलीत पंखा कितीही मोठा लावला तरी तो तीच गरम हवा फिरवतो, तसा इथे टॉवर कूलरही हतबल होतो. समोरून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे दोन साधे पंखे बसवणं स्वस्तात पडतं. काच लावलेल्या काही दिखाऊ कॅबिनेटना समोरून हवेला वाटच नसते, ती घेण्याआधीच टाळावीत.

"पाण्याचा कूलर म्हणजे गार पाणी"

पाणी तिथे उष्णता वाहून नेतं, गार करत नाही. रेडिएटरमधून ती शेवटी त्याच खोलीच्या हवेत सोडली जाते, म्हणजे ४० अंशांच्या हवेत. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून पहिली काही मिनिटं छान दिसतात, तासाभराच्या रेंडरमध्ये ती मजा संपते. पुण्याच्या आयसरमधला सीडॅकने उभारलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणक पाण्यानेच थंड ठेवला जातो. तिथे हजारो कोअरची उष्णता हलवायची असते. सहा कोअरच्या प्रोसेसरसाठी पंप, नळ्या आणि गळतीची धास्ती कशाला? टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या हीट पाइपमध्येही थोडं द्रव असतंच. ते खालून वाफ होऊन वर जातं, थंड होऊन परत येतं. त्याला पंप लागत नाही, म्हणून पंप बिघडतही नाही.

आणि खोलीतला कूलर?

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीतला पाण्याचा कूलर हवा दहा अंशांनी सहज उतरवतो, आणि खोली जितकी उतरते जवळजवळ तितकाच प्रोसेसर. एवढा फायदा साध्या प्रोसेसरवर कूलर बदलून क्वचितच मिळतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. पॅडमधून उडणारे तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मदरबोर्डवर पांढरे डाग सोडतात. कूलर खिडकीत, संगणक झोताच्या बाजूला आणि समोरची खिडकी थोडी उघडी, अशी मांडणी ठेवावी.

मग मोठा कूलर कुणी घ्यावा? ज्यांचा प्रोसेसर मुळात जास्त वीज खातो त्यांनी. इंटेलच्या ‘के’ मालिकेसोबत कूलर येतच नाही, आणि आय९-१४९००के कमाल २५३ वॅटपर्यंत जातो. रायझन ७ ५८००एक्सचीही तीच कथा. ज्यांचा वेग धूळ-पेस्ट-पंखे सगळं करूनही मे महिन्यात घसरतो, त्यांनी घ्यावा. आवाजाने डोकं उठतं, हेही पुरेसं कारण आहे. मोठा पंखा हळू फिरून तेच काम करतो. पैसे नसतील तर बायोसमध्ये वीज थोडी बांधून पाहावी. एएमडीच्या बोर्डांवर त्यासाठी ‘इको मोड’ असतो, वेग थोडासाच जातो आणि तापमान बरंच उतरतं.

घ्यायला निघाल्यावर मदरबोर्डचं सॉकेट लिहून न्यावं. इंटेलच्या एलजीए १२०० ची भोकं ७५ मिलिमीटरवर, १७०० ची ७८ वर, त्यामुळे जुन्या साठ्यातला कूलर नव्या बोर्डला बसेलच असं नाही. टॉवरची उंची साधारण १५५ ते १६० मिलिमीटर असते, ती कॅबिनेटमध्ये मावते का ते मोजावं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवरचा जुना कूलर काढताना आधी संगणक थोडा तापवून घ्यावा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा. पेस्ट घट्ट धरून बसलेली असेल तर कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.